परमिट रूमच्या दुरुस्तीच्या नोंदी: ३ फेब्रुवारी ते ३१ मार्च २०२५

तालुक्याच्या गावातली एफएल-३ परवान्याची (गिऱ्हाइकाला बसवून विदेशी मद्य देण्याचा परवाना) जुनी जागा. तळमजल्यावर ४० खुर्च्या, वर एसी हॉल, मागच्या बाजूला किचन, स्टाफ १६. धंदा चालू ठेवून काम केलं. बजेट एक लाखाचं धरलं होतं. अशीच जागा हातात घेणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून नोंदी जशाच्या तशा ठेवल्या आहेत, चुकांसकट.

३ फेब्रुवारी

पहिली पाहणी. दुपारी तीनला केली ती वाया गेली, कारण तेव्हा सगळं जागच्या जागी असतं. रात्री साडेदहाला परत केली तेव्हा खरी जागा दिसली.

वरच्या हॉलचं मागचं दार कुलूपबंद, किल्ली कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये. त्या दारामागच्या जिन्यावर बिअरचे ३४ क्रेट. कुलूप का, तर गिऱ्हाईक बील बुडवून मागून पळतं. छताला आवाजासाठी चिकटवलेला काळा फोम. इमर्जन्सी लाइट चार, मेन स्विच पाडल्यावर एकच लागला, तोही सहा मिनिटांत विझला. अग्निशामक सिलिंडर पाच, सगळ्यांचा काटा हिरव्यात. उलटे करून हलवले तर दोघांतली पावडर घट्ट बसलेली. म्हणजे काटा फक्त दाब सांगतो, पावडर बाहेर येईल की नाही ते सांगत नाही.

फायर एजन्सीचा फॉर्म बी (आगीची साधनं चालू असल्याचा दाखला) मात्र जानेवारीचा, रीतसर फाइलला लावलेला. महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावा लागतो. या जागेत आलेल्याने सिलिंडर हातात घेतले नव्हते एवढं नक्की. पुढच्या वेळी एजन्सीचा माणूस प्रत्येक सिलिंडर उचलतो की नाही ते शेजारी उभं राहून बघायचं.

५ फेब्रुवारी

वरचा हॉल मोजला: ९०० चौरस फूट, म्हणजे ८३.६ चौरस मीटर. राष्ट्रीय इमारत संहितेत जेवणाच्या हॉलसाठी माणशी दीड चौरस मीटर धरतात. भागाकार ५५ येतो. खुर्च्या होत्या ७२. सतरा खुर्च्या खाली आणून गोदामात टाकल्या. मालकांचा विरोध झाला, आणि तो समजण्यासारखा होता. पण सतरा माणसांचं बील हे सतरा माणसांना अरुंद जिन्यावरून खाली आणण्यापेक्षा मोठं नाही.

६ ते ११ फेब्रुवारी

फोम. बोटाएवढा तुकडा अंगणात पत्र्यावर ठेवून काडी लावली. काही सेकंदांत पेटला, वितळून थेंब गळायला लागले आणि काळाकुट्ट धूर निघाला. हा प्रयोग स्टाफला आणि मालकांना समोर उभं करून दाखवला. त्यानंतर खर्चावर वाद झाला नाही. मुंबईत कमला मिल्समधल्या आगीत २९ डिसेंबर २०१७ ला मध्यरात्रीनंतर १४ माणसं गेली. त्यातली बरीच भाजून नव्हे, धुराने गुदमरून, आणि अनेक जण स्वच्छतागृहात अडकून. बारमधली आग म्हटलं की आधी धूर डोळ्यांपुढे आणायचा.

चूक: छताचा गोंद निघेना म्हणून मजुरांनी थिनर वापरला. हॉल बंद, खिडक्या बंद. वाफ साचली, दोघांना गरगरलं. एक ठिणगी उडाली असती तर ज्यासाठी काम काढलं तेच घडलं असतं. काम दोन दिवस थांबवलं, खिडक्या उघडल्या, मग फक्त पत्र्याच्या खरवडणीने गोंद काढला. वेळ दुप्पट लागला. फोमच्या जागी काचेच्या कापडात गुंडाळलेले रॉकवुलचे (न पेटणाऱ्या दगडी लोकरीचे) पॅनेल. खर्च ६८,०००. आवाज पूर्वीपेक्षा थोडा जास्त घुमतो. चालेल.

१३ फेब्रुवारी

मागचं दार. कुलूप नुसतं काढलं असतं तर आठवड्यात परत लागलं असतं, कारण बील बुडण्याची भीती खरी आहे. म्हणून आतून आडवा दांडा दाबला की उघडणारं पॅनिक बारचं लॉक बसवलं आणि चौकटीला चुंबकी सेन्सर लावून काउंटरवर भोंगा जोडला. दार कुणालाही, कधीही, अंधारातही उघडतं. पण उघडलं की खाली कळतं. दोन्ही मिळून ११,५००. दार आत उघडत होतं, बिजागऱ्या फिरवून बाहेर उघडणारं केलं. क्रेट हलवल्यावर जिन्यावर पिवळे पट्टे मारले. तरी तिसऱ्या दिवशी तिथे चार क्रेट परत आले. जागा रिकामी दिसली की सामान येतंच. आता रोज रात्री सातला कॅप्टन (वेटरांचा प्रमुख) मागच्या जिन्याचा फोटो ग्रुपवर टाकतो, मगच वरचा हॉल उघडतो.

इमर्जन्सी लाइट सहा नवे, प्रत्येकी १,८००. चार सिलिंडर रीफिल आणि किचनमधल्या तेलाच्या आगीसाठी के-क्लासचा एक नवा: १४,२००.

१५ फेब्रुवारी

मापं. काउंटरवरचा ३० मिलीचा मेझर पोचा आलेला, त्यावर वजनमापे खात्याचा शिक्का नाही. मोजनळीत ओतून पाहिलं: २७ मिली. आणि गर्दीत तो वापरतच नव्हते, बाटलीतून अंदाजाने ओतायचे. ७५० मिलीच्या खंब्यातून ३० चे २५ पेग निघायला हवेत. तीन रात्री मोजले तर एका काउंटरमनचे २२, दुसऱ्याचे २६.

हा फक्त हिशेबाचा प्रश्न नाही. २२ वाला माणसाला न सांगता जास्त दारू पाजतोय. २६ वाला कमी देऊन फसवतोय, आणि ज्याला ती कमी पडली तो आणखी एक मागवतोय. दोन्हींत आपण किती प्यायलो हे गिऱ्हाइकाला कळत नाही. शिक्क्याचे मेझर ६ घेतले (३० आणि ६० चे तीन-तीन), २,७००. नियम: पेग टेबलासमोर मापून ग्लासात. सुरुवातीला काउंटरमन म्हणाले की वेळ लागतो. घड्याळ लावलं, पेगामागे चार सेकंद.

रात्रीचा स्टॉक डोळ्यांनी 'अर्धी', 'पाव' असा लिहीत होते. आता वजनकाटा (१,९००). ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्की-रमची घनता साधारण ०.९४५. उघडी बाटली ८९८ ग्रॅम, रिकामी ५२०, फरक ३७८, भागिले ०.९४५ म्हणजे ४०० मिली, म्हणजे १३ पेग आणि १० मिली. प्रत्येक ब्रँडच्या रिकाम्या बाटलीचं वजन भिंतीवर लिहून ठेवलं. गोड लिकरला हा आकडा चालत नाही, साखरेने ती जड होते. ब्रँडनिहाय दैनंदिन नोंदवही आता याच आकड्यांवरून भरली जाते. एक्साईजच्या तपासणीत उघड्या बाटल्यांवरून होणारी अडचण इथेच संपते.

१७ फेब्रुवारी

या सगळ्या कामातली सगळ्यात महत्त्वाची नोंद ही.

स्टाफशी बोलताना कळलं की सगळ्यांच्या मते बिअर म्हणजे हलकी. 'तो फक्त बिअर पितोय, काळजी नाही.' कागदावर गणित मांडलं. ३० मिली व्हिस्की, ४२.८ टक्के: शुद्ध मद्यार्क साधारण १० ग्रॅम. स्ट्राँग बिअरची ६५० ची बाटली, ८ टक्के: ४१ ग्रॅम. म्हणजे एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार लहान पेग. माइल्ड बाटली (५ टक्के) अडीच. शरीर ताशी साधारण एक लहान पेग जिरवतं, कधी त्याहूनही कमी. दोन स्ट्राँग आणि वर दोन लार्ज (६० मिलीचे) घेतलेला माणूस बारा लहान पेगांवर असतो, आणि बिलावर फक्त चार ओळी दिसतात.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आयटमला 'पेग' नावाचं एक फील्ड जोडून घेतलं: लहान १, लार्ज २, क्वार्टर ६, स्ट्राँग ४, माइल्ड २.५. टेबलाची बेरीज भागिले माणसं. सरासरी ६ झाली की कॅप्टन स्वतः टेबलावर जाऊन बोलतो, ८ ला दारू बंद, जेवण चालू. हे आकडे कायद्यातले नाहीत, इथल्या अनुभवावर ठरवले. चार दिवसांत दोष सापडला: चौघांत एकच जण सगळं पितो, सरासरी दोनच दिसते. म्हणून वेटर आता ऑर्डर खुर्चीच्या नंबराने लिहितो.

वेटर मात्र आकडे दडवायला लागले. कारण साधं, टीप बिलाच्या आकड्यावर मिळते. टीप एकत्र करून सगळ्यांत सारखी वाटायचं ठरवलं आणि वेटरला जेवणाच्या विक्रीवर २ टक्के दिले. दारूवर काहीच नाही. हे केल्याशिवाय वरची सगळी व्यवस्था कागदावरच राहिली असती.

पाणी: जग मागितल्याशिवाय टेबलावर येतो, भरलेला. बाटलीबंद पाण्याची विक्री रोज सहाशे रुपयांनी घटली. फुकटच्या खाऱ्या शेंगदाण्यांऐवजी उकडलेली अंडी आणि वाफवलेले चणे, मीठ कमी. जेवणाने चढायला वेळ लागतो. उतरत मात्र काही नाही, हे वेटरना वेगळं सांगावं लागलं.

२० फेब्रुवारी

वय. महाराष्ट्रात बिअर-वाइनला २१, बाकी दारूला २५ पूर्ण. 'वय किती' विचारलं की सगळे सव्वीसचे असतात. आणि गर्दीत वेटरला वजाबाकी जमत नाही. काउंटरवर पाटी लावली, रोज उघडताना बदलायची: 'व्हिस्की-रम: जन्म २० फेब्रुवारी २००० किंवा आधी. बिअर-वाइन: २० फेब्रुवारी २००४ किंवा आधी.' आता कार्ड आणि पाटी शेजारी धरली की झालं. जुन्या आधार कार्डांवर फक्त जन्मवर्ष असतं; अशा वेळी लायसन्स मागायचं. कार्ड बघायचं, फोटो काढायचा नाही. पिण्याचा परवाना नसेल तर एक दिवसाचा, विदेशी मद्यासाठी ५ रुपयांचा, भरून द्यायचा. ते पुस्तक कॅशियरच्या ड्रॉवरमध्ये नाही, दाराशी ठेवलं.

सगळ्यात अवघड टेबल म्हणजे २३ आणि २६ वर्षांचे मित्र. सव्वीसचा लार्ज मागवतो, ग्लास तेविसाच्या पुढे सरकतो. खुर्चीचा नंबर इथेही कामी आला.

२३ फेब्रुवारी

भारत-पाकिस्तान सामना. दाराशी माणसं मोजायचं हातातलं यंत्र (२५० चं, किरकोळ खर्चातून) घेऊन एक माणूस. ५५ झाले की वर कुणी नाही. आठ वाजता यंत्रावर ५५ आणि वर मोजले तर ६३. किचनच्या बाजूने ओळखीचे आठ जण चढले होते. शिवाय सिगारेट ओढायला जिन्यात उभे असलेले. जिना भरला की दार उघडं असून उपयोग नाही. आठ जणांना खाली टेबल दिलं, सिगारेटसाठी वाळूची बादली अंगणात, जिन्यापासून लांब ठेवली. किचनचं दार सातनंतर फक्त स्टाफला.

२५ फेब्रुवारी

कॅमेरे आठ. डीव्हीआरमध्ये १ टीबीची डिस्क, त्यात अकरा दिवसच मावतात. ४ टीबी टाकली, ९,५००. डीव्हीआरचं घड्याळ ४७ मिनिटं मागे होतं. असं चित्रण भांडणाच्या तक्रारीत कामाला येण्याऐवजी आपल्यावरच उलटतं. महिलांच्या स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात दिवा नव्हता, कॅमेराही नव्हता. दोन्ही बसवले, कॅमेरा गल्ल्यावरचा काढून. आतून कडी नीट लागते का हे रोज उघडताना तपासायचं.

२७ फेब्रुवारी

किचन. १९ किलोचे भरलेले सिलिंडर सात, म्हणजे १३३ किलो. परवान्याशिवाय १०० किलोपर्यंतच साठा चालतो. पाचवर आणले (९५ किलो). एक्झॉस्टच्या डक्टमध्ये तेलाचा थर बोटाच्या पेराएवढा, आणि त्याखाली तंदूर. साफसफाई १६,०००. ग्लास धुण्याच्या मोरीशेजारी प्लगला विजेची गळती रोखणारा ब्रेकर (आरसीसीबी) नाही, ओल्या हातांनी काम. ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी आणि त्या भागाचं वायरिंग नवं, २२,०००.

ग्लास: तीन टाक्या, साबण, साधं पाणी, क्लोरीन. ४ टक्क्यांचं हायपोक्लोराइट २० लिटर पाण्याला ५० मिली, ग्लास दोन मिनिटं. पहिल्या दिवशी कुणीतरी गरम पाणी घातलं, क्लोरीन उडून गेलं आणि डोळे चुरचुरले. थंडच पाणी. बर्फ काढायला ग्लास वापरत होते. एक ग्लास फुटला, सगळा बर्फ फेकला, पेटी गरम पाण्याने धुतली. स्टीलचा चमचा साखळीने बांधला.

४ मार्च

रिकाम्या बाटल्या. लेबल आणि बुचासकट भंगारात जात होत्या. बनावट दारू भरणाऱ्यांना नेमकं तेच हवं असतं. मुंबईत मालाडच्या मालवणीत जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉल चवीवरून ओळखता येत नाही. आधी बाटल्या गोणीत घालून हातोडीने फोडल्या. पहिल्याच दिवशी एकाच्या मनगटाला काच लागली, तीन टाके. बंद केलं. आता लेबल ब्लेडने उभं-आडवं चिरायचं, त्यावर ऑइलपेंटचा पट्टा, बुचं वेगळी करून चेचायची. बिअरच्या बाटल्या परत कंपनीकडे जातात, त्यांना हात लावायचा नाही. येणारा माल फक्त वाहतूक पासावरच्या बॅच नंबरशी जुळवून उतरवायचा, आणि ते काम रात्री नाही, दुपारी.

९ मार्च

चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना. माणसं मोजण्यात चूक नाही. लास्ट ऑर्डरला मात्र घोळ. बंद होण्याच्या अर्धा तास आधी ओरडून सांगितलं आणि प्रत्येक टेबलाने दोन-दोन राउंड एकदम मागवले. तीस मिनिटांत चार पेग पोटात, आणि मग रस्त्यावर. उपाय: पाऊण तास आधी, ओरडून नाही, टेबलाटेबलावर जाऊन, माणशी एकच, त्याच ट्रेमध्ये पाणी आणि बील. वीस मिनिटं आधी आवाज कमी, दहा मिनिटं आधी दिवे पूर्ण. दिवे लागले की लोक आपोआप उठतात, हात धरून उठवायची वेळ येत नाही.

१४ मार्च

धुळवड. स्वतःहून दुपारी चारपर्यंत बंद ठेवलं. उघडल्यावरही आलेल्यांतले निम्मे आधीच प्यायलेले, काही भांगेवर. भांग उशिरा चढते आणि वर दारू पडली की माणूस अचानक कोसळतो. पेगांचं गणित इथे चालत नाही. सात जणांना दारातून परत पाठवलं. नकार देताना एकटा वेटर नको, कॅप्टन आणि आणखी एक. 'तुम्ही प्यायलात' म्हणायचं नाही, 'दादा, आज देता येणार नाही, जेवण हवं तर बसा' एवढंच. सातांतले तिघे जेवायला बसले.

१८ मार्च

सराव. एका वेटरला बेशुद्ध पडल्याचं सोंग करायला लावलं. तिघे धावले, एकाने लिंबूपाणी आणलं, एकाने थोबाडीत मारली. दोन्ही चूक. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालायचं नाही. उलटी श्वासात जाते. कुशीवर वळवायचं, वरचा गुडघा वाकवून, तोंड जमिनीकडे. एक माणूस सतत शेजारी. हलवूनही जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी, दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर, अंग गार, ओठ निळसर: यातलं एक जरी दिसलं तरी १०८. 'झोपला आहे, झोपू दे' हे वाक्य या जागेत बंद. दुसऱ्या दिवशी डोळ्यांपुढे धुकं किंवा पांढरं दिसतं असं कुणी सांगितलं तर मिथेनॉल समजून ताबडतोब हॉस्पिटल.

आगीचाही सराव झाला. वरचा हॉल ३ मिनिटं ४० सेकंदांत रिकामा. सगळे पुढच्याच जिन्याने, कारण सवय. दुसऱ्या वेळी मागच्या दाराशी एक वेटर हात दाखवत उभा केला, वेळ १ मिनिट ५०.

२४ मार्च

गाड्या. फेब्रुवारीत निघताना किल्ली मागायचा प्रयत्न दोन रात्रीत फसला. प्यायलेला माणूस किल्ली देत नाही, भांडतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. सत्तर किलोचा माणूस रिकाम्या पोटी घाईने दोन लहान पेग प्यायला तर साधारण ४० वर जातो. म्हणजे इथून गाडी चालवत निघणारा जवळजवळ प्रत्येक जण त्या मर्यादेबाहेर असतो. पहिल्या गुन्ह्याला दंड १०,००० रुपये, तुरुंगवास सहा महिन्यांपर्यंत, किंवा दोन्ही.

आता किल्ली येताना घेतली जाते, शुद्धीत असताना. पार्किंगवाला बिल्ला देतो, गाडी कंपाउंडमध्ये लावतो, हेल्मेटही ठेवून घेतो. स्टँडवरचे तीन रिक्षावाले बांधले आहेत: आठ किलोमीटरपर्यंत १५० रुपये, त्यातले ७५ बार देतो. पहिल्या आठवड्यात चार गाड्या रात्रभर राहिल्या, तिसऱ्यात एकोणीस. सकाळी गाडी न्यायला आलेला चहा पिऊन जातो, चहा बारचा. बायपासच्या पलीकडच्या वाड्यांना रिक्षा जात नाही. तिथल्या गिऱ्हाइकाला बसतानाच विचारायचं की न्यायला कोण येणार आहे, आणि त्याचा फोन नंबर बिलावर लिहून घ्यायचा.

३१ मार्च

परवान्याचं वर्ष संपलं, नूतनीकरणाचं शुल्क आधीच भरलं आहे. चार नव्या माणसांचे नोकरनामे (दारूच्या कामावर ठेवण्याची एक्साईजची मंजुरी) झाले. त्यातल्या दोघांचे कागद आठवडाभर उशिरा दिल्याने त्या दोघांना तोवर फक्त किचनमध्ये ठेवलं.

खर्चाची बेरीज: १,५६,६००, रिक्षाचे आणि किरकोळ धरून नाही. वाढ मुख्यतः फोम आणि वायरिंगची. दारूची विक्री मार्चमध्ये थोडी उतरली, जेवणाची वाढली.

राहिलेलं: तळमजल्याच्या पुढच्या दाराला उंबरा आहे, तिथे महिन्यात तिघे अडखळले, उतार करून घ्यायचा. डक्टला साफसफाईसाठी दुसरं झाकण हवं, फॅब्रिकेटर माप घेऊन गेला आहे. मागच्या जिन्याचा आजचा फोटो ७ वाजून ४ मिनिटांनी आला, त्यात एक क्रेट आहे. उचलायला सांगितला, दुसरा फोटो ७:११ ला. मग हॉल उघडला.